उशाशी एक बटण

कसबे साहेब कुठल्याही नव्या खोलीत शिरण्याआधी उंबऱ्यावर थांबायचे आणि डोळे मिटायचे. मग हात आत घालून भिंत चाचपायचे. हात आपोआप जिथे टेकेल तिथे खडूने फुली मारायचे आणि मगच डोळे उघडायचे. साइटवरच्या वायरमन लोकांना या प्रकाराचं भारी हसू यायचं. साहेबांच्या अंगात आलं, असं कुणीतरी हळूच म्हणायचं. पण त्या फुलीवर बसलेला बोर्ड पुढे घरातल्या कुणाला शोधावा लागायचा नाही, हे हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

इमारत उभी राहण्याआधी तिच्या वायरिंगला किती खर्च येईल हे काढून देणं, हे त्यांचं काम. लोकांना बिल्डर माहीत असतो, आर्किटेक्ट ऐकून माहीत असतो, वायरमनचा तर फोन नंबरच असतो. पण आपल्या बेडरूममध्ये पंख्याचं बटण कुठे असावं, किंबहुना असावं की नसावं, हे ठरवणारा एक माणूस थेरगावात डांगे चौकाजवळ हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत कानाला पेन्सिल लावून बसलेला असतो, हे कुणाच्या गावीही नसतं.

ते ऑफिस अण्णांचं. अण्णा मूळचे थेरगावचेच. वडिलांची जमीन गेली, पैसा आला, त्यातून त्यांनी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टचा धंदा काढला. वायरिंगमधलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण माणसं कळायची, आणि कसबे साहेबांना धरून ठेवण्याइतका शहाणपणा त्यांच्याकडे होता. मी तिथे लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. परांड्याहून लग्न होऊन आलेली, नवरा चाकणला कंपनीत, हातात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आणि डोक्यात बऱ्यापैकी हवा. साहेबांनी ती हवा पहिल्याच दिवशी काढली. एका वन बीएचकेचा प्लॅन माझ्यापुढे सरकवला.

“किती पॉइंट होतात?”

“बावीस,” मी दहा मिनिटांत सांगितलं. एक दिवा, एक पंखा किंवा एक प्लग म्हणजे एक पॉइंट. त्याची वायर, पाइप, बटण, मजुरी असं सगळं त्यात धरायचं आणि पॉइंटच्या भावाने गुणायचं. त्यात न येण्यासारखं काय होतं?

“बरं. राहतं कोण इथं?”

“वन बीएचके आहे सर.”

“ते घर झालं मॅडम. राहतं कोण?”

 त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि त्या कोऱ्या खोल्यांत पलंग काढला, कपाट काढलं, फ्रिज काढला. मग पलंगावर एक गोल काढून म्हणाले, “ही आजी.” खिडकीशी दुसरा गोल. “ही कॉलेजची पोरगी, अभ्यास करणार.” स्वयंपाकघरात तिसरा. “ही सूनबाई. मिक्सर लावणार. तिला प्लगसाठी ओट्याखाली वाकायला लावू नका.”

“पण सर, आजी असेलच कशावरून?”

“आज नसेल. आजी व्हायला किती वेळ लागतो, मॅडम?”

आधी माणसं बसवायची आणि मग पॉइंट मोजायचे, ही त्यांची पद्धत. बावीसचे सव्वीस झाले. सगळ्यात शेवटी त्यांनी पलंगाच्या डोक्याशी एक बारीक चौकोन काढला. दारातल्या बटणाने दिवा लावायचा आणि पलंगावर पडल्यावर उशाशी असलेल्या दुसऱ्या बटणाने तोच दिवा घालवायचा. आमच्या धंद्यात त्याला टू-वे म्हणतात. एक बटण जादा, थोडी वायर जादा, म्हणून बिल्डर लोक सगळ्यात आधी त्याच्यावर काट मारतात. साहेबांच्या कागदावर मात्र तो चौकोन असायचाच.

ते गोड स्वभावाचे मुळीच नव्हते. चिडके होते आणि टोमणे मारायचे. पेन्सिल बोटात धरता येईना इतकी बारीक होईपर्यंत टाकायचे नाहीत आणि दुसऱ्याने टाकलेली उचलून ठेवायचे. मला ते पहिल्या दिवसापासून मॅडमच म्हणायचे आणि त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मला कधी कळलं नाही. ‘टिपिकल’ या शब्दावर त्यांचा विशेष राग. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर ‘टिपिकल फ्लोअर’ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मजला मोजा आणि वरच्या सगळ्यांसाठी गुणून मोकळे व्हा. साहेब म्हणायचे, “टिपिकल मजला दाखवतात राव सगळे. एखादा टिपिकल माणूस दाखवा मला.” मग गुणायचे तेही, न गुणून सांगतात कुणाला? पण गुणायच्या आधी प्रत्येक मजल्यावर एकदा चालून यायचे.

चाकणच्या एका कामाची गोष्ट मी अजून नव्या लोकांना सांगते. एमआयडीसीच्या कडेला एका जमीनमालकाने कंपनीतल्या पोरांना भाड्याने द्यायला तीन मजली खोल्या बांधल्या होत्या. एका खोलीत चार जण. मालकाचा हट्ट, खोलीला मधोमध एक ट्यूब, एक पंखा, बास. गेटवर मात्र दोन्ही बाजूंना कारंज्यासारखे दिवे, कंपाउंडवर ओळीने दिव्यांचे गोल हंडे. साहेबांनी त्याला साइटवरच उभं केलं.

“फर्स्ट शिफ्टवाला पहाटे उठून कपडे करणार. थर्ड शिफ्टवाला सकाळी येऊन झोपणार. सेकंडवाला रात्री बारा वाजता येऊन जेवणार. एका ट्यूबमध्ये चौघांची झोप कशी व्हायची, सांगा?”

“भाड्याची पोरं हायेत, साहेब. त्यांना काय लागतंय?” जमीनमालक म्हणाला. “खर्च वाढतुय.”

“खर्च वाढत नाही. हे बघा.” साहेबांनी गेटवरचे दिवे खोडले, कंपाउंडवरचे निम्मे हंडे खोडले आणि प्रत्येक कॉटच्या डोक्याशी एक लहान दिवा आणि बटण धरलं. बेरीज केली तर मूळच्या आकड्यापेक्षा थोडी कमीच भरली. मालकाचं तोंड उतरलं, पण कमी आकड्याला नाही म्हणणारा जमीनमालक अजून जन्माला यायचाय. परत येताना साहेब मला म्हणाले, “कापायला सगळ्यांनाच लागतं मॅडम. कापायचं तर गेटवर कापा. उशाशी कापू नका.” हे वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. नंतर नंतर मला ती वही हातात घ्यायला नको वाटायचं.

या बटणाचा त्यांना एवढा सोस का, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. भोसरीच्या एका साइटवर सिमेंटच्या पोत्यांवर बसून आम्ही डबा खात होतो. मी सहज चेष्टेने म्हटलं, “सर, तुम्ही बटणाचा नवस बोललाय का कुठे?” मला वाटलं आता टोमणा येणार. पण ते बोलायला लागले.

त्यांचं लहानपण दापोडीत रेल्वेलाइनच्या बाजूच्या गल्लीत गेलेलं. वडील कारखान्यात हमाली करायचे. दोन कुटुंबांच्या मध्ये एकच पातळ भिंत, आणि वीज होती ती शेजारच्यांकडे. मग शेजाऱ्यांनी भिंतीतली वरची वीट काढली आणि त्या भोकात बल्ब टांगला. अर्धा उजेड त्यांना, अर्धा यांना. बटण अर्थातच शेजाऱ्यांच्या बाजूला.

“त्यांना झोप आली की आमचा दिवस संपला,” साहेब म्हणाले. “जेवता जेवता अंधार व्हायचा. पुस्तकात ओळ अर्धी राहायची. शेजारी वाईट नव्हते हो, पैसे पण घ्यायचे नाहीत. पण आई रोज एक वाक्य बोलायची. बोलायची, उजेड कुणाचा का असंना, बटण आपल्या हाताशी पायजे.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “आईला दिसत नव्हतं शेवटी. तरी उशाशी हात फिरवायची बटणासाठी. तिथं नव्हतंच काही.” मला त्या दिवशी त्यांची फार माया आली. पण माया दाखवलेली त्यांना चालणार नाही म्हणून मी त्यांच्या भाजीला नावं ठेवली.

ती भाजी शालनकाकूंची असायची. काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी, बुटक्या, गोल, सदा हसऱ्या. भाजीत मीठ जरा जास्तच टाकायच्या आणि मला वेगळी वाटी पाठवायच्या. त्यांना साखरेचा आजार होता, डोळ्यांवर त्याचा परिणाम व्हायला लागला होता. एकुलती मुलगी नाशिकला दिलेली. दापोडीच्या त्याच गल्लीत दोन खोल्यांत नवरा-बायको राहायचे आणि लिफ्ट असलेल्या घरात राहायचं, ही काकूंची जन्माची हौस होती.

मग दिघीचं काम आलं. शहाण्णव फ्लॅट, सगळे टू बीएचके. अण्णांच्या दृष्टीने ते काम म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न होता, कारण त्या वर्षात आधीची दोन कामं हातची गेली होती. साहेबांनी एस्टिमेट केलं, बिल्डरकडे गेलं आणि दोन दिवसांनी परत आलं. दुसऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरचा आकडा आमच्यापेक्षा खाली होता. साहेबांनी गेट कापलं. पुन्हा परत आलं. बागेतले दिवे कापले, लॉबीतलं झुंबर कापलं, पार्किंगमधल्या ट्यूब एकाआड एक केल्या. तिसऱ्यांदा परत आलं.

अण्णा साहेबांच्या टेबलापाशी येऊन उभेच राहिले. ओरडले नाहीत, तेच वाईट होतं.

“कसबे, ह्यो जॉब गेला तर मला चार पोरं घरी बसवावी लागत्याल. लक्ष्मणची पोरगी शाळेत घातलीय आत्ताच. तुमीच सांगा, कुणाला बसवू?”

“अण्णा, आता कापायला काही राहिलं नाही.”

“हाय की. उशाचं हाय.”

लक्ष्मण म्हणजे आमचा जुना वायरमन, लातूरकडचा. तो त्या वेळी दारातच वायरची भेंडोळी मोजत बसला होता आणि त्याने मान वर केली नाही.  साहेबांनी प्लॅन पुढे ओढला आणि दोन्ही बेडरूममधला तो बारीक चौकोन खोडला. पलंगाशेजारचा प्लगही त्याच बोर्डात होता, तो आपसूक गेला. एकाच मजल्यावर खोडायचं होतं, बाकीचे टिपिकल. त्यांनी गुणिले केलं आणि कागद माझ्याकडे टाइप करायला दिला.

मी टाइप केलं. एक शब्द बोलले नाही. मला घरचे हप्ते होते आणि बसवायच्या चार जणांत आपलाही नंबर लागेल, ही भीती होती. साहेब खाली चहाला गेले. काही वेळाने मी खिडकीतून पाहिलं तर चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर तसाच होता आणि ते रस्त्याकडे तोंड करून उभे होते. काम आम्हाला मिळालं. अण्णांनी पेढे आणले. साहेबांनी पेढा घेतला आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

पुढे दोन-तीन वर्षांत ते रिटायर झाले. हाती आलेल्या पैशात लिफ्टचं घर शोधायला लागले आणि जिथे जातील तिथे आकडा हाताबाहेर. शेवटी अण्णांनीच मध्ये पडून त्या दिघीच्या इमारतीत शिल्लक राहिलेला एक फ्लॅट सवलतीत मिळवून दिला. तिसरा मजला, बाल्कनीतून लष्कराच्या जागेतली झाडी दिसते. अण्णांना वाटलं आपण उपकार फेडले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. त्या इमारतीत काय खोडलं होतं ते त्यांच्या लक्षातही नसेल.

गृहप्रवेशाला आम्ही सगळे गेलो. भंतेजी आले होते, घराच्या मंगलासाठी परित्राणपाठ झाला, खीर झाली. काकू नव्या पैठणीत, डोळ्यांना नीट दिसत नसल्याने भिंतीला हात लावत लावत सगळ्यांना घर दाखवत होत्या. “बघ गं, भिंत कशी लोण्यावानी लागतीय हाताला.” रंग फिकट गुलाबी, त्यांनीच निवडलेला.

बेडरूमच्या दाराशी साहेब उभे होते. त्यांनी डोळे मिटले, हात आत घातला, बटण बरोबर हाताला लागलं. मग डोळे उघडून त्यांनी समोरच्या पलंगाकडे पाहिलं. पलंग खिडकीखाली होता, दारापासून चांगला लांब. तिथे भिंतीवर गुलाबी रंग सोडून काहीच नव्हतं. मी त्यांच्या मागेच उभी होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि मी खिरीच्या वाटीत पाहिलं.

“लक्ष्मणला बोलवून करून घेऊ या ना सर,” मी शेवटी म्हटलं. “अर्ध्या दिवसाचं काम आहे.”

साहेब हो म्हणायच्या आधी काकूच म्हणाल्या, “भिंत फोडायची? नाही गं बाई! जन्मात पहिल्यांदा नवी भिंत मिळालीय. चार-दोन वर्षं तरी बघू द्या की तिच्याकडं.”

लक्ष्मण म्हणाला, न फोडता वरून पट्टी टाकून देतो. त्या गुलाबी भिंतीवरून प्लास्टिकची पट्टी ओढायची म्हटल्यावर तर काकूंनी कानावर हात ठेवले. साहेब म्हणाले, “पुढच्या रंगाच्या वेळी करू.” तोवर उशाशी टॉर्च ठेवायचं ठरलं. काकू हसत होत्या आणि त्यांना तसं हसताना पाहून साहेबांना पुढे काही बोलवलं नसावं. मला तरी बोलवलं नाही.

पुढच्या रंगाची वेळ आलीच नाही. दुसऱ्याच वर्षी एका पहाटे काकू पाणी प्यायला उठल्या. टॉर्च आदल्या दिवशी स्वयंपाकघरात राहिली होती. परत आल्यावर त्यांनी दारातल्या बटणाने दिवा घालवला, म्हणजे साहेबांच्या डोळ्यांवर उजेड नको. आणि अंधारात पलंगाकडे निघाल्या. पलंगाच्या कोपऱ्याला पाय अडकला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण साखरेमुळे जखम भरेना. चार महिने अंथरुणाला खिळून होत्या. त्या चार महिन्यांत साहेबांनी त्यांचं सगळं केलं, हागण्यामुतण्यापासून सगळं. मुलगी नाशिकहून येऊन-जाऊन होती. मी भेटायला गेले की काकू अजून हसायच्या आणि म्हणायच्या, “ह्यांना सांग काहीतरी. हे माझ्याकडं बघतच नाहीत, भिंतीकडंच बघत बसतात.” मग एक दिवस त्या गेल्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी लक्ष्मणला घेऊन गेले. आम्ही दोघांनी न सांगता सगळं सामान बरोबर घेतलं होतं, बटण, वायर, पाइप. हिवाळ्याचे दिवस होते, साडेसहालाच बाहेर दिवे लागले होते. साहेब हॉलमध्ये बसले होते. दाढी वाढलेली, पण शर्टाच्या खिशाला पेन्सिल होती. कोपऱ्यात बुद्धाच्या मूर्तीपुढे काकूंचा फोटो.

“सर, आज मी लावूनच जातो की,” लक्ष्मण म्हणाला. “एक पैसा बी नगं. भिंत अशी बुजवून देतो की दिसणार बी नाही.”

“नको.”

“सर, तुमचं पण वय झालं,” मी म्हटलं. “तुम्ही पडलात तर?”

त्यांनी आम्हाला बेडरूममध्ये नेलं. दारातल्या बटणावर बोट ठेवून म्हणाले, “इथून पलंगापर्यंत नऊ फूट. टेप लावून मोजलंय. माझी पाच पावलं होतात. तिची आठ व्हायची. पाय उचलत नव्हती ना, घासत चालायची.” ते हे सगळं साइटवर माप सांगतात तशा आवाजात सांगत होते. “किंमत पण सांगतो. तेव्हाच्या भावाने हे बटण म्हणजे दोन माणसांचं हॉटेलातलं साधं जेवण. बिल्डरच्या एकूण आकड्यात ते कुठं दिसलं पण नसतं.”

“साहेब, त्यात तुमची काय चूक?” लक्ष्मण म्हणाला. “तुम्ही आमच्यासाठी कापलं. माझी पोरगी शिकतीय त्याच्यावर.”

“तुझी पोरगी शिकतेय ते चांगलंच आहे,” साहेब म्हणाले. “माझी चूक वेगळी आहे. मी त्या दिवशी माणसं बसवली नाहीत. नुसतं गुणिले केलं. एका खोलीत जरी आजी बसवली असती, तरी हात चालला नसता माझा.”

मला रडू आवरेना. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर प्लग बरोबर हाताशी होता. तिथे आम्ही कापलं नव्हतं.

परत आले तर साहेबांनी माझ्या पिशवीतून डोकावणारी फाइल पाहिली होती. “नवं काम?” मोशीला एक मोठी स्कीम होती. आता एस्टिमेट मीच करते, सगळं कॉम्प्युटरवर, एक मजला भरला की बाकीचे तो आपोआप भरतो. त्यांनी हात पुढे केला. मला नाही म्हणता आलं नाही. त्यांनी प्लॅन उलगडला, खिशातली पेन्सिल काढली आणि तिचं टोक हॉलमधून, स्वयंपाकघरातून फिरत फिरत बेडरूममध्ये आलं. पलंगाच्या डोक्याशी येऊन थांबलं. तिथे काही नव्हतं. मागच्याच आठवड्यात बिल्डरने आकडा खाली मागितला होता. गेट आधीच कापून झालं होतं.

मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील. टोमणा मारला असता तरी बरं वाटलं असतं. त्यांनी कागद घडीवर घडी घालून नीट मिटला आणि माझ्या हातात दिला. “चहा घेता का मॅडम?” एवढंच म्हणाले. आम्ही चहा घेतला. त्यांनी स्वतः केला होता, साखर घालायला विसरले होते आणि आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.

निघताना ते लिफ्टपर्यंत आले. लक्ष्मणने सामानाची पिशवी दाराशी ठेवून जायचा प्रयत्न केला, तर साहेबांनी ती उचलून त्याच्या हातात दिली.

खाली पार्किंगमध्ये अंधारच होता, एकाआड एक ट्यूब. लक्ष्मण गाडी काढत होता. मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर बेडरूमच्या खिडकीत दिवा होता. माझ्या देखत तो गेला. जेमतेम साडेसात वाजले होते, झोपायची ही वेळ नव्हती. माझ्या नकळत मी मोजायला लागले. पाच झाले, सहा, सात. आठ झाले.

परतीचे आठ मोजले, तसा दिवा परत लागला. थोड्या वेळाने पुन्हा गेला. मी पुन्हा जायचे आठ आणि यायचे आठ मोजले. पुन्हा लागला.

“सरांकडं लाइट जा-ये करायली का?” लक्ष्मणने गाडीवरून मान वर करून विचारलं. “लूज असंल कुठंतरी. जाऊन बघून येऊ का?”

“नको,” मी म्हटलं. “लाइन चांगली आहे. चल तू.”